वन्संसाठी आणलेली लेस

आलेल्या भेटवस्तू पुढे ढकलण्यात माझा हात कोणी धरणार नाही. कपाटाचा सगळ्यात वरचा कप्पा त्यासाठीच राखून ठेवलेला आहे. कपांचे सेट, फोटोफ्रेम, ब्लाउजपीस... कुणाकडून काय आलं त्याची चिठ्ठी आत ठेवायची, म्हणजे ज्याची वस्तू त्यालाच परत जात नाही. असा कप्पा तुमच्याही घरी असेल, उगीच नाही म्हणू नका.

पण एकदा चिठ्ठी असूनही घोटाळा झाला. माझ्या लेकीच्या बारशाला वन्संनी इंदूरहून क्रोशाचा टेबलक्लॉथ पाठवला होता. पांढराशुभ्र, मधोमध मोठं कमळ. बाकीच्यांनी चांदीच्या वाट्या, पैंजण दिलेले. त्यापुढे मला ते 'घरीच केलेलं काहीतरी' वाटलं. दोन वर्षांनी मी तो ह्यांच्या मावसबहिणीला वास्तुशांतीत देऊन टाकला. पुढच्याच मे महिन्यात वन्सं तिच्याकडे जेवायला गेल्या, तर टेबलावर तेच कमळ!

वन्सं मला एका शब्दानंही बोलल्या नाहीत. मात्र त्यानंतर प्रत्येक कार्याला त्यांच्याकडून पाकीट येऊ लागलं. पाचशे एक रुपये, वरचा एक रुपया नीट चिकटवलेला. विणलेलं काहीही पुन्हा आलं नाही. अठरा वर्षं.

लेक मेडिकलला अर्मेनियात, येरेवानला गेली तेव्हा पहिल्या वर्षाच्या फीला पैसे कमी पडत होते. वन्संनी ते परस्पर ह्यांच्या खात्यावर भरले. मला फोन नाही.

गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघं लेकीला भेटायला गेलो. निघतानाच माझ्याजवळ चौदा जणांची यादी होती. लेक म्हणाली, "आई, शनिवारपर्यंत थांब. वेर्निसाजला जाऊ."

वेर्निसाज म्हणजे रिपब्लिक स्क्वेअरच्या जवळचा उघड्यावरचा बाजार. 1980 च्या दशकात चित्रकार आपली चित्रं घेऊन बसायचे, त्यातून तो वाढला. शनिवार-रविवारी तर रांगाच रांगा. चांदीची डाळिंबं कानांत, गळ्यात, अंगठीवर, जिकडे पाहावं तिकडे. तिथे डाळिंब भरभराटीचं फळ मानतात. ज्वालामुखीच्या काचेसारख्या काळ्या दगडाच्या, ऑब्सिडियनच्या माळा. जुन्या हस्तलिखितांतली चित्रं छापलेले रेशमी स्कार्फ. आणि अक्षरांची पदकं! मेस्रोप माश्तोत्स यांनी 405 साली ही लिपी बसवली, ती लोक इतक्या प्रेमानं अंगावर मिरवतात की मला नवल वाटलं. (अर्मेनियन भाषेतलं पहिलं नियतकालिक मात्र 1794 मध्ये आपल्या मद्रासला छापलं गेलं होतं. हे ऐकून मी उगीचच खूश झाले.) भाचरांसाठी ज्याच्या त्याच्या नावाचं अक्षर घेतलं. भाव करताना मी तुळशीबागेतच असल्यासारखी वागत होते, आणि लेक चार पावलं लांब उभी राहत होती.

तेरा नावांवर खुणा झाल्या. उरल्या वन्सं.

एका टोकाला सत्तरीच्या बाई लेस विकत बसल्या होत्या. ताटाएवढा गोल रुमाल, कोळ्याच्या जाळ्यासारखा बारीक. मी म्हटलं, "क्रोशा." त्यांनी मान हलवली आणि हातातली साधी शिवणाची सुई दाखवली. किंमत वीस हजार द्राम, म्हणजे साडेचार हजारांच्या आसपास. मी लेकीला म्हटलं, "अर्ध्याला माग."

"आई, निदान किती दिवस लागले ते तरी विचारू."

महिन्याच्या वर लागला होता. लेकीच्या मोडक्यातोडक्या अर्मेनियनमधून बाकीचं कळलं. बाईंची आजी आयनताबची. 1915 मध्ये ऑटोमन राजवटीत अर्मेनियन लोकांचा संहार सुरू झाला, तेव्हा ती कशीबशी अलेप्पोला पोहोचली आणि हीच लेस विकून जगली. 1947 मध्ये कुटुंब सोव्हिएत अर्मेनियात आलं. आजीनं आईला शिकवलं, आईनं ह्यांना.

पुढे मी वाचलं की त्या संहारातून वाचलेल्या शेकडो अनाथ मुलींनी लेबनॉनमधल्या गझीरला एक गालिचा विणला होता. चाळीस लाखांहून जास्त गाठी. 1925 मध्ये तो अमेरिकेचे अध्यक्ष कूलिज यांना भेट दिला गेला. त्यांनी तो पुढे ढकलला नाही, एवढं खरं.

"धागा तुटला तर?" मी विचारलं. बाईंनी नमुन्याचा एक तुकडा घेतला, मधलाच एक फासा कात्रीनं कापला आणि तुकडा माझ्या हातात दिला. ओढून पाहिला. बाजूचं काही हललं नाही. क्रोशाचं टोक सुटलं की ओढत गेलं तर सगळं उसवतं. इथे प्रत्येक टाक्याला स्वतःची गाठ. ती गाठ कशी घालायची तेही त्यांनी दोनदा करून दाखवलं. मी भाव न करता पैसे मोजले.

"कुणाला?" लेकीनं विचारलं.

"आत्याला."

"कमळाच्या बदल्यात का?"

म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं!

इंदूरला मुद्दाम एकटीच गेले. वन्संनी चश्मा लावला, रुमाल उलटा करून मागची बाजू पाहिली. विणणारी बाई आधी मागची बाजू बघते.

"क्रोशा नाही हा."

"सुईचा आहे. वन्सं, तो कमळाचा टेबलक्लॉथ..."

"सहा महिने लागले होते," त्या म्हणाल्या. "डोळे चांगले होते तेव्हा."

मी खाली मान घालून बसले. 'माफ करा' हे दोन शब्द अठरा वर्षांत सुचले नव्हते, ते तेव्हाही अडखळतच बाहेर पडले. त्यांनी ते ऐकले की नाही, कळलं नाही. उठून आत गेल्या. येताना शिवणाचा डबा घेऊन आल्या.

"ही गाठ कशी घालतात, त्या बाईनं दाखवलं का?"

मला अर्धंमुर्धंच आठवत होतं. दिवा जवळ ओढून दोघी बसलो. चौथ्या वेळी गाठ बसली, पण वाकडी. वन्संनी ती निरखून पाहिली, कात्रीनं कापून टाकली आणि सुई पुन्हा माझ्या हातात दिली.