खमंग आणि करपट यांच्यामध्ये

मराठी घरात कॉफीला स्वतःची अशी वेळ नाही. चहाला पहाट आहे, दुपारची झोप मोडतानाचा प्रहर आहे, कोणी दारात उभे राहिले की आपोआप येणारा क्षण आहे. कॉफी निमित्ताने येते: उपासाच्या दिवशी, परीक्षेच्या रात्री, तापातून उठलेल्या माणसासाठी, लग्नघरी पंगती आटोपल्यावर. आणि येताना ती एकटी येत नाही. आटवलेले दूध, सढळ साखर आणि वर किसलेले जायफळ असा सगळा लवाजमा बरोबर असतो. या पेयात प्रत्यक्ष कॉफीचे स्थान संगीत नाटकातील सूत्रधाराइतके. प्रवेश करायचा, नावगाव सांगायचे आणि पुढची रंगभूमी दूध-जायफळाकडे सोपवून विंगेत जायचे. हे मी कमी लेखण्यासाठी म्हणत नाही. आमच्या आईची जायफळाची कॉफी हा पूर्ण, स्वयंसिद्ध पदार्थ आहे. फक्त तिला कॉफी म्हणणे हा एक भाषिक उदारपणा आहे.

जुन्या पिढीच्या तोंडी कॉफीच्या बीसाठी 'बुंद' असा शब्द होता. अरबीतल्या 'बुन्न'चा हा आपल्याकडचा अवतार. बी दुकानातून आणायची, घरी भाजायची, कुटायची, हे सगळे त्या शब्दात होते. पुढे डब्यातली तयार पूड आली, मग नुसत्या गरम पाण्यात विरघळणारी आली, आणि बी नजरेआड झाली तसा शब्दही गेला. आज माझ्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना बुंद म्हटले की रक्ताचा किंवा पावसाचा थेंबच आठवतो, तोही हिंदीतला.

मला दाक्षिणात्य कॉफीची ओळख माटुंग्यात झाली. तिथल्या दुकानांत बिया डोळ्यांदेखत दळून मिळतात आणि दुकानदार विचारतो, "चिकोरी किती?" या प्रश्नाला उत्तर देता येणे ही माझ्या दृष्टीने प्रौढपणाची एक पायरी होती. चिकोरी म्हणजे एका झाडाचे भाजलेले मूळ. गुजरातेत तिची लागवड होते. तिच्यात कॅफीन नसते. तिला भेसळ म्हणणारे शुद्धिवादी पुष्कळ आहेत. परंतु तिचे काम समजून घेतले पाहिजे. कॉफीच्या पुडीचा जेमतेम तीस टक्के भाग पाण्यात उतरू शकतो, चिकोरीचा निम्म्याहून जास्त. शिवाय ती ओली होऊन पाण्याची वाट अडवते, त्यामुळे पाणी पुडीत रेंगाळते आणि अर्क दाट होतो. दुधाच्या भडिमारात टिकून राहायचे तर असा दाटपणा हवाच. कायद्याने मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते. मी माझ्यासाठी ८५ला १५ हे प्रमाण ठरवले आणि वीस वर्षे पाळले. त्या ८५तही दोन भाग पीबेरी अरेबिका, एक भाग रोबस्टा. पीबेरी म्हणजे ज्या फळात नेहमीच्या दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी धरते ती. तिची चव खरोखर वेगळी असते की ती केवळ गोल असल्यामुळे कढईत सारखी भाजली जाते, यावर जाणकारांत वाद आहेत. मला त्या वादात पडायचे नाही. मला ती मोत्यासारखी दिसते म्हणून आवडते, आणि आवडीला एवढे कारण पुरे आहे.

करण्याची रीतही तेव्हाच ठरून गेली. पितळेचे दुमजली फिल्टर, वरच्या भांड्याच्या तळाला बारीक भोके. त्यात बारीक रव्यासारखी दळलेली वीस ग्रॅम पूड, वरून छत्रीसारखी दांडीची चकती हलकेच दाबायची आणि उकळी बसल्यानंतरचे सव्वाशे मिलिलिटर पाणी फिरवून ओतायचे. पूड आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी पिऊन टाकते, म्हणजे खाली उतरतो तो ऐंशी-पंच्याऐंशी मिलिलिटर काळाभोर अर्क. याला वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो. घाई करून चकती जोराने दाबली तर थेंबच पडत नाही. माझे कित्येक निबंध तपासणे या अर्ध्या तासांत झाले आहे.

मागच्या काही वर्षांत या जगात नवी भाषा आली. त्यामागे एक आर्थिक इतिहास आहे. १९४२च्या कायद्यानंतर मळेवाल्यांना आपली कॉफी कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात द्यावी लागे. तिथे सगळ्यांची कॉफी प्रतवारीनुसार एकत्र होई आणि मळ्याचे नाव पुसले जाई. धुतलेली अरेबिका ती 'प्लँटेशन', धुतलेला रोबस्टा तो 'पार्चमेंट', फळासकट वाळवलेली ती 'चेरी'. ओळख काय ती एवढीच. १९९०च्या दशकात ही सक्ती टप्प्याटप्प्याने उठली आणि मळेवाला आपल्या नावाने कॉफी विकू लागला. साहित्याच्या माणसाला हे ओळखीचे वाटेल. जात्यावरच्या ओवीसारखी निनावी असलेली वस्तू एकाएकी लेखकाच्या नावाने छापली जाऊ लागली, आणि लेखक आला की पाठोपाठ समीक्षक आलाच. आता पाकिटावर मळ्याचे नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, वाणाचे नाव असते. 'एस ७९५' हा बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रात सिद्ध झालेला वाण मी अशाच पाकिटांवरून ओळखू लागले. आणि त्याखाली चवीचे वर्णन असते: ब्लूबेरी, जॅस्मिन, मेपल सिरप.

माझा आक्षेप चवीच्या वर्णनाला नव्हता आणि आजही नाही. आक्षेप उसनवारीला आहे. चिकमगळूरच्या डोंगरात पिकलेली, पुण्यात प्यायली जाणारी कॉफी ब्लूबेरीसारखी लागते असे जो सांगतो त्याने ब्लूबेरी किती वेळा खाल्ली आहे? उपमेतले उपमान उपमेयापेक्षा परिचित असावे लागते, ही अलंकारशास्त्राची पहिलीच अट इथे मोडलेली आहे. वाचकाला काही दाखवण्याऐवजी वर्णन स्वतःची ऐपत दाखवते.

हा वाद माझ्यापुरता केवळ वाङ्मयीन राहिला असता. एप्रिल २०२१मध्ये मला कोविड झाला. आजार सौम्य होता. वास मात्र गेला, आणि जुलैत परत आला तो विकृत होऊन. कांदा, लसूण, भाजलेले शेंगदाणे, पावाचा खरपूस कड असे एकेक पदार्थ शत्रुपक्षात गेले, आणि सर्वांत अग्रभागी कॉफी. तो वास कसा होता, हे मला अजून सांगता येत नाही. डॉक्टरांना मी "जळका" म्हटले, तो नव्हता. "कुजका" म्हटले, तोही नव्हता. मराठीत वासाचे शब्द थोडे नाहीत: कुबट, खवट, ओशट, आंबूस, उग्र, दर्प. पण यांपैकी प्रत्येक शब्दाला एक वस्तू आहे. तेल जुने झाले की खवट, कपडा दमट राहिला की कुबट. माझ्या नाकातल्या वासाला जगात वस्तूच नव्हती, म्हणून त्याला शब्दही नव्हता. पंचवीस वर्षे मी विद्यार्थ्यांना अनुभव आणि अभिव्यक्ती यांचे नाते शिकवत आले. त्या नात्याचे एक टोक असे मोकळे लोंबकळताना मी कधी पाहिले नव्हते.

घरातून कॉफी हद्दपार झाली. आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिची सकाळची जायफळाची कॉफी ती दार लोटून घेऊन गॅलरीत पिऊ लागली. एकदा पाऊस होता, तरी गेली. मी म्हटले, "आई, आत बस, मी खोलीत जाते." तर म्हणाली, "अगं राहू दे. तुला शिसारी येते ते तुझ्या तोंडावर दिसतं. ते बघत मला घोट जात नाही." यात राग नव्हता, पण त्या वाक्याने मला फार एकटे केले.

निदानाला 'पॅरॉस्मिया' असे नाव आहे. २०२२मध्ये इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठातील संशोधकांचा सहभाग असलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कॉफीच्या वासातले रेणू उपकरणाने वेगवेगळे करून त्यांनी ते अशा रुग्णांना एकेक हुंगवले. सर्वाधिक लोकांना शिसारी आणणारा रेणू निघाला २-फ्युरनमिथेनथायॉल. गंमत, किंवा जे काही म्हणायचे ते, अशी की निरोगी नाकाला कॉफी ही कॉफी वाटते ती बव्हंशी याच रेणूमुळे. म्हणजे माझे नाक कॉफीला ओळखण्यात चुकत नव्हते. ते तिच्या गाभ्यालाच बोट लावत होते, फक्त अर्थ उलटा लावत होते.

हा रेणू कच्च्या बीत नसतो. तो भाजताना तयार होतो आणि भाजणे गडद होते तसा वाढतो. हे वाचले आणि मला वाट दिसली. चिकमगळूरहून दोन किलो कच्च्या बिया मागवल्या. त्या हिरवट राखी रंगाच्या, टणक बियांना वाळल्या गवताचा आणि मुगाच्या पोत्याचा वास होता, आणि तो मला जसाच्या तसा आला. लोखंडी कढईत शंभर ग्रॅम बिया घेऊन मंद आचेवर परतत राहिले. चार-पाच मिनिटांत त्या पिवळट झाल्या, गवताचा वास जाऊन भिजवलेल्या हरभऱ्याचा आला. मग बदामी. मग फोलपट सुटून कढईभर उडू लागले आणि दहाव्या मिनिटाच्या सुमारास लाह्यांसारखी पहिली तडतड सुरू झाली. तोवर सगळे ठीक होते. तडतड संपता संपता तो वास दुरून आल्यासारखा जाणवला. मी कढई उतरवली, बिया सुपात ओतून पाखडून थंड केल्या.

त्या महिन्यांत मी एक वही ठेवली. नोंदी करताना लक्षात आले की कॉफीच्या चवीसाठी मराठीत शब्द नसतील, पण भाजण्यासाठी इतके शब्द आहेत की पाकिटे छापणाऱ्यांनी हेवा करावा. रवा गुलाबी भाजतात, भाजणीचे धान्य खमंग भाजतात, पापड, शेंगदाणे, खोबरे, तीळ या प्रत्येकाची थांबण्याची जागा वेगळी आहे आणि तिला शब्द आहे. कोमट, बदामी, तांबूस, खमंग, खरपूस, करपट, जळका: ही आमच्या स्वयंपाकघरातली मोजपट्टीच आहे. 'खमंग' आणि 'करपट' यांच्यात अर्ध्या मिनिटाचे अंतर असते. माझ्या नाकाला त्या काळात 'बदामी'च्या पुढे प्रवेश नव्हता. दर पंधरा दिवसांनी कढई काही सेकंद अधिक चुलीवर ठेवायची आणि सीमा कितपत सरकली ते पाहायचे, असा क्रम मी ठेवला. जोडीला डॉक्टरांनी सांगितलेला घ्राणव्यायाम होताच: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, सकाळ-संध्याकाळ प्रत्येकी वीस सेकंद. २००९मध्ये ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांच्या गटाने हा उपचार मांडला, तेव्हाही वास हेच चार होते.

अशा हलक्या भाजलेल्या बीची कॉफी दुधात चालत नाही. तिची आंबटी दुधाशी भांडते. म्हणून रीत बदलली. कागदी गाळणीचा शंकू, जाड रव्याइतके दळण, पंधरा ग्रॅमला दोनशे चाळीस मिलिलिटर पाणी. आधी थोडे पाणी घालून अर्धा मिनिट थांबायचे. भाजताना बीत कोंडलेला वायू बुडबुड्यांनी वर येतो, पूड फुगते. मग बारीक धारेने उरलेले पाणी. तीन मिनिटांत खाली चहासारखे पारदर्शक काहीतरी जमते. पहिल्यांदा प्यायले तेव्हा वहीत लिहिले: "अर्धवट पिकलेली कैरी, साल सोललेली. शेवटी सुपारीचा तुरटपणा." ब्लूबेरी मला तिथे आढळली नाही. तशी शोधलीही नाही.

सीमा २०२२च्या दिवाळीपर्यंत सरकत सरकत तडतडीच्या बरीच पुढे गेली. भाजणीचे धान्य आईने त्या वर्षी माझ्याकडून भाजून घेतले, ती मुद्दाम बाहेर बसली होती आणि आतून वास आला की तिथून सांगत होती, "आता ज्वारी उतरव." तिचे आणि माझे नाक एकाच क्षणी बोलले, असे दोन-तीनदा झाले.

आता मी पुन्हा खरपूसपर्यंत भाजते, तेल सुटण्याच्या अलीकडे. पितळी फिल्टर परत ओट्यावर आले आहे आणि चिकोरी पंधराऐवजी दहा टक्क्यांवर आली आहे, कारण मध्यंतरीच्या आंबटीची जिभेला थोडी सवय राहिली. पावसाळ्यात मात्र मी मान्सून मलबारकडे वळते. पूर्वी शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना कॉफी सहा-सहा महिने समुद्रावर दमट होत असे, आणि तिकडच्या लोकांना तीच चव लागली. १८६९मध्ये सुएझ कालवा झाला, पुढे प्रवास आटोपशीर झाला आणि ती चव हरवली. मग मंगळूरच्या बाजूला, गोदामांत, जून ते सप्टेंबर बिया मुद्दाम नैऋत्येच्या ओल्या वाऱ्यावर पसरून ठेवू लागले. बी फुगते, फिकट पिवळी होते, आंबटी जवळजवळ नाहीशी होते आणि जुन्या पुस्तकांच्या कपाटाचा एक वास तिच्यात उतरतो. तो कुबटाच्या अगदी काठावर असतो. आईला मी तो कप दिला. तिने हुंगला, परत दिला आणि म्हणाली, "हिला ऊन दाखव."