चेरी खोडली, रातांबा लिहिला

अगं ए,

तुझी यादी मिळाली. कागदावर लिहून फोटो पाठवलास ते बरं केलंस. अक्षर ओळखलं म्हणून, नाहीतर चेरी, ब्लूबेरी, लिची वाचून मला वाटलं असतं, कुणीतरी काश्मिरात बंगला बांधतंय. बाई, तुझी जागा देवरुखला आहे! चेरीला फुलायचं तर आधी कित्येक आठवडे कडक थंडी खावी लागते. आपल्याकडे थंडी म्हणजे डिसेंबरात रात्री पंखा एकवर ठेवायचा. ब्लूबेरीचीही तीच तऱ्हा. लिचीचं झाड वाढेल, हिरवंगार दिसेल, पण फळाचं नाव नको. दिसायला देखणं आणि कामाला शून्य. अशी एक व्यक्ती आपल्याला ठाऊक आहे. नाव घेत नाही, तुला कळलं.

तर तिन्ही खोडली. रुसू नकोस. तिकडच्या बर्फात बसून यादी केलीस, म्हणून तिकडचीच फळं सुचली असणार.

आता तुला सांगते, मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं. बाजारात जे चांगलं मिळतं ते लावायच्या फंदातच पडले नसते. डाळिंब सोलापूरकडचं खुशाल विकत आणावं. आपल्या पावसात ते बिचारं डागाळून जातं. घराभोवती लावायचं ते बाजाराला न पेलणारं फळ. पांढरे जाम घे. सकाळी झाडावर काचेसारखे, संध्याकाळपर्यंत टोपलीत काळवंडलेले. ते मुंबईला कोण पाठवणार? रायआवळे, बिंबलं, तुती, सगळी त्याच जातकुळीतली. ज्याच्या दारात झाड त्यालाच ती मिळतात, आणि त्याच्या शेजाऱ्याला. तुतीची तर नुसती काडी खोचली तरी जगते, म्हणजे तुझ्या हातूनसुद्धा जगेल. (मनीप्लँट मी अजून विसरलेले नाही.)

हापूस हवाच म्हणशील, माहेरचा हट्ट आहे तुझा. लाव, पण एकच. एक वर्ष लगडतो आणि पुढच्या वर्षी तोंड फिरवतो, त्यात साका निघाला की वेगळीच चिडचिड. त्याच्या जोडीला रत्नाचं कलम घे. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून दापोलीच्या कृषी विद्यापीठानं 1981 मध्ये दिलेली जात. दरवर्षी धरते, साका नाही, रेषा नाहीत. हापूसवाले नाकं मुरडतात, मुरडू देत. आणि दोघांमध्ये तीस-बत्तीस फूट मोकळे ठेव. आज ती काडी गुडघ्याएवढी दिसते म्हणून तुझे साहेब मध्ये आणखी चार झाडं बसवायला निघतील. त्यांना आवर.

रातांबा मात्र तुझ्या यादीत नव्हता, याचा मला खरंच राग आला. आयुष्यभर सोलकढी ओरपलीस आणि झाड विसरलीस? पण रातांब्याचं रोप कुणी प्रेमानं दिलं तरी हरखून जाऊ नकोस. त्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांपासून केलेल्या रोपांत निम्मी नर निघतात, आणि ते कळतं फुलं आली की, म्हणजे सहा-सात वर्षं पाणी घालून झाल्यावर. आमच्या शेजारच्या काकूंनी असंच एक झाड लेकरासारखं वाढवलं. फुलं आली तेव्हा आम्ही दोघी चष्मे लावून फांदीखाली उभ्या. मादीच्या फुलात मधोमध इवलासा गोळा असतो. इथे नुसता केसरांचा झुबका! काकू म्हणाल्या, ‘‘आमच्याकडे सगळे पुरुषच जन्माला येतात.’’ तोडलं नाही त्यांनी ते, आणि बरंच झालं, कारण मादीला फळ धरायला आसपास एखादा नर लागतोच. तू मादी झाडाच्या काडीचं कलम आण, कोकण अमृता मिळाली तर उत्तम. लवकर पिकणारं माग. उशिराची फळं पावसात सापडतात, मग आमसुलं वाळवायची कुठे? सालांना रसाची पुटं द्यायची, उन्हात घालायची, पुन्हा पुट, पुन्हा ऊन, आणि आभाळ भरून आलं की गच्चीवर धावाधाव. ती धावाधाव करायला तू इथे हवीस.

निरफणस माझ्याकडून. विकत घ्यायचा नाही, आधीच सांगते. त्याला बी नसतेच. मुळाला कुदळ लागली की तिथून फुटवा येतो, तोच काढून लावायचा. आमच्या विहिरीकडे एक आलाय, तो तुझ्या नावानं राखून ठेवलाय. काप तळताना तू नेहमी पहिला घाणा उभ्यानं संपवायचीस, तेव्हा झाड तुझ्या दारी असणं आम्हां सगळ्यांच्याच हिताचं. फक्त घरापासून लांब लाव. पानं सुपाएवढी, रात्री पत्र्यावर पडली की चोर आला असं वाटतं, आणि पन्हळी तुंबतात ते निराळंच.

केळी न्हाणीमागे, सांडपाण्यावर. जांभूळ गाडीवर आणि कपड्यांच्या दोरीवर येणार नाही असं. फणस कुठेही लाव, पण त्याच्याखाली झोपाळा टांगू नकोस. कुंपणाला करवंद, पाणी मागत नाही, गुरं आत येत नाहीत आणि मे महिन्यात वाटीभर फळ. वांदरांचं मात्र काही खरं नाही. ते येणार, अर्धं खाणार, अर्धं फेकणार, आणि आपल्याकडे असं बघणार की बागेत आपणच घुसलोय.

कागदी लिंबू मागच्या दाराशी. त्याची गंमत सांगते. कोवळ्या पानावर चिमणीची शीट पडल्यासारखं काहीतरी दिसेल. बोटानं पुसायला जाऊ नकोस, ती अळी असते. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि डिवचलीस तर डोक्यातून नारिंगी शिंगं बाहेर काढून असा वास सोडते की विचारू नकोस. माझ्या नातवाचा तो एकमेव छंद झालाय सध्या. रोप लहान असेल तर अळ्या वेचून टाकाव्यात, नाहीतर एका आठवड्यात काड्या उरतात. आम्ही चार-पाच राहू देतो. पुढे त्यांची फुलपाखरं होतात, आणि नातवाचा मोर्चा विहिरीकडे वळत नाही.

कातळावर खड्डे मेमध्येच मारून घ्यायला हवेत, हातभर नाही, चांगले कमरेइतके, आणि माती-शेणखत भरून पहिल्या पावसाची वाट बघायची. कलम लावल्यावर जोडाखालून फुटवे आले की लगेच खुडायचे, नाहीतर वरचा हापूस मरतो आणि खालचा रायवळ ‘मीच तो’ म्हणून मिरवतो. हे तुझ्या साहेबांना दाखवून ठेव. हिरवं काही तोडायचं म्हटलं की त्यांचे डोळे भरून येतात.

पेरू मुद्दाम लिहिला नाही. वसतिगृहाच्या त्या प्रकरणानंतर तुझ्या नावावर पेरूचं झाड करायची माझी छाती होत नाही. हवाच असेल तर तसं लेखी कळव.

आणि घराचा नकाशा पाठव गं, न्हाणी कुठे, गाडी कुठे, दोरी कुठे, सगळं दाखवणारा. मे उजाडायच्या आत पाठव, पावसाच्या तोंडावर रोपवाटिकेत चांगली कलमं उरत नाहीत. मागच्या वेळेसारखा नकाशा उलटा धरून फोटो काढू नकोस, नाहीतर तुझं जांभूळ बरोबर देवघरावर येईल.

तुझीच