बाकी अंदाजे

एप्रिल-मे महिन्यातल्या एखाद्या शनिवारी करी रोड स्टेशनला उतरा. फास्ट लोकल तिथे थांबत नाही, दादरला गाडी बदलावी लागते. स्टेशनबाहेर पडून लालबागच्या दिशेने चालायला लागलात की पत्ता विचारायची गरज नाही. पहिली शिंक आली की समजायचं, मसाल्याची दुकानं जवळ आली!

मी गेले होते आईच्या वहीतलं एक पान घेऊन. आईला जाऊन वर्ष झालं होतं. तिने केलेल्या मसाल्याची शेवटची बरणी मार्चमध्ये संपली. मग मी पाकिटातला मसाला घालून बांगड्याचं तिखलं केलं. बाबा काही बोलले नाहीत, पण ताटात अर्धं तसंच राहिलं. वहीत 'मालवणी मसाला' या नावाखाली तीनच ओळी होत्या. ब्याडगी पाऊण किलो, संकेश्वरी पाव किलो, धणे पाव किलो. आणि त्याखाली आईचं नेहमीचं, 'बाकी अंदाजे'.

दुकानातल्या काकांनी ते पान डोळ्यांजवळ धरून वाचलं. मला वाटलं, आता हसतील आणि तयार मसाल्याचं पाकीट पुढे करतील. समोर रांगेनं लावलेलीच होती की! त्यांनी उलट विचारलं, "आई मालवणकडची की वेंगुर्ल्याकडची?"

"मालवण."

"मासे जास्त की मटण?"

"मासे."

"तिरफळ मसाल्यात घालायच्या की कालवणात?"

"कालवणात."

"रंग कसा यायचा? लाल की तपकिरी?"

याचं उत्तर मला देता येईना. शेवटी मी म्हटलं, "बाबांच्या पांढऱ्या शर्टावर पडला की डाग जायचा नाही, असा लाल." काकांनी मान हलवली आणि बडीशेप, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, चक्रीफूल असं एकेक चिमटीने, ओंजळीने तराजूत टाकायला लागले. म्हणजे अंदाजेच!

पुढे तीन तास मी बाकड्यावर. देठ काढणाऱ्या बायका, कढईत मिरची परतणारा घामाघूम पोरगा आणि आत धाडधाड चालणारा डंक. शेजारी बदलापूरहून आलेल्या एक मावशी होत्या. सासरे इथल्या गिरणीत होते म्हणाल्या. घर गेलं, नंबर लावायला मात्र दरवर्षी इथेच. "तिकडे मसाला मिळत नाही का?" "मिळतो गं. पण माझ्यासमोर कुटत नाहीत."

या मधल्या वेळात काकांचा फोन चारदा वाजला. एका हॉटेलची मोठी ऑर्डर होती, आजच हवी होती. काका शांतपणे म्हणाले, "सोमवारी." मी चाट पडले. मागे मी एका मॅनेजमेंट ट्रेनिंगवर लेख लिहिला होता. अर्जंट आणि इम्पॉर्टंटचे चार चौकोन तुमच्याही एचआरने कधीतरी दाखवले असतील. त्यात ही ऑर्डर नक्की पहिल्या चौकोनात बसली असती. काकांचा हिशोब वेगळा. हॉटेलवाला उद्या दोन रुपये स्वस्त मिळाले तर दुसरीकडे जाईल, बदलापूरच्या मावशी जाणार नाहीत. शिवाय हॉटेलवाला सोमवारपर्यंत थांबू शकतो, सुट्टी काढून आलेली बाई नाही. नंबर लावण्यातही एक मेख आहे. तिखट मिरचीनंतर लगेच कुणाचा गोडा मसाला डंकाला लावायचा नाही, वास आणि तिखटपणा उतरतो. त्यामुळे अर्धा किलोवाली आजी पाच किलोवाल्याच्या आधी जाऊ शकते. पाच किलोवाला कुरकुरतो. कुरकुरू दे!

काका फार प्रेमळ वगैरे आहेत असं समजू नका. भिंतीवर 'उधार बंद' ठळक लिहिलंय आणि सुटे नसले की ते खेकसतात.

पण या भागातले छोटे धंदे पहिल्यापासून असेच, ओळखीवर उभे राहिलेले. १९३२ मध्ये पेरू चाळीतला बाजार बंद झाला, तेव्हा उघड्यावर बसणाऱ्या विक्रेत्यांनी आणि कोळ्यांनी कायमच्या जागेसाठी नवस केला. १९३४ मध्ये बसलेला तो गणपती म्हणजे आजचा लालबागचा राजा. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांचंही तेच. जेवण रोजचं आणि पैसे पगार झाल्यावर, मधल्या दिवसांत किराणा सावकाराच्या व्याजावर. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अशा बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पगारच थांबले. उधारीवर जेवणाऱ्याला ताटावरून उठवायचं की नाही, हा प्रश्न कुठल्या चौकोनात टाकणार? गिरण्यांच्या जागी आज टॉवर आहेत. माझे आजोबाही गिरणीतलेच, आम्ही आता डोंबिवलीकर. या गल्लीत आई दरवर्षी यायची. कुठल्या दुकानात, ते मी कधी विचारलंच नाही.

दुपारी अडीचला माझा नंबर लागला. गरम मसाल्याची पिशवी हातात देताना काकांनी एक जाडजूड वही उघडली, माझं नाव लिहिलं आणि पुढे सगळी मापं. 'अंदाजे' कुठेच नाही, ग्रॅममध्ये! बरणीत हिंगाचे खडे टाका, ओला चमचा घालू नका, एवढं सांगून ते पुढच्या बाईकडे वळले.

रविवारी बांगड्याचं तिखलं केलं. रंग तोच. बाबांनी दोनदा भात घेतला, तिसऱ्या घासाला ठसका लागला. म्हणाले, "तिचा एवढा तिखट नव्हता."

सोमवारी दुकानात फोन केला. मागे डंकाचा आवाज. बहुतेक हॉटेलची ऑर्डर.

"नाव?" काकांनी विचारलं. पानं उलटल्याचा आवाज आला. "हां. मालवण, मासे. पुढच्या वर्षी संकेश्वरी पन्नास ग्रॅम कमी करू. लिहून ठेवतो."