वरळीच्या अंगणात पाहिलेले ग्रहण

आपल्या लालबाग-परळच्या वस्तीपासून वरळीचे नेहरू तारांगण काही लांब नाही. बसने वरळी नाका गाठायचा आणि डॉ. ॲनी बेझंट रोडने थोडे पुढे जायचे. एवढे जवळ असूनही शाळेच्या सहलीनंतर चाळीतली कित्येक माणसे तिकडे पुन्हा फिरकत नाहीत. हे तारांगण १९७७ साली सुरू झाले. आत घुमटाखाली खुर्चीत रेलून बसायचे आणि यंत्राने दाखवलेले तारे पाहायचे, अशी तिथली रीत. पण खरे आकाश पाहायचे तर घुमटाबाहेरच यावे लागते. २६ डिसेंबर २०१९ रोजी सूर्यग्रहण होते आणि ते सर्वसामान्यांना पाहता यावे म्हणून तारांगणाने सोय केली होती. आम्ही चाळीतली काही कुटुंबे मुलाबाळांसह सकाळीच निघालो.

निघण्याआधी कुजबुज झालीच. कुणी म्हणाले, पोटुशी सून घरातच बसू द्या. कुणी रात्रीचे अन्न टाकायला आणि भरलेले पाणी ओतायला निघाले. जिथे नळाला ठरलेल्या वेळीच पाणी येते, तिथे भरलेला हंडा मोरीत ओतायचा, हा कुठला न्याय? सावलीने पाणी नासत नाही, अन्न विटत नाही आणि पोटातल्या बाळालाही काही होत नाही. सून आमच्याबरोबर आली.

ग्रहण म्हणजे सावलीचा खेळ. सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये चंद्र येतो आणि त्याची सावली पृथ्वीवर पडते. सूर्य चंद्रापेक्षा सुमारे ४०० पट मोठा आहे. पण तो सुमारे ४०० पट लांबही आहे. म्हणून आपल्याला दोघे सारख्याच आकाराचे दिसतात. त्या दिवशी चंद्र थोडा दूर असल्यामुळे तो सूर्याला पुरता झाकू शकला नाही. दक्षिणेत मंगळूर, उटीकडे सूर्याची बांगडी दिसली, मुंबईत खंडग्रास ग्रहण दिसले.

सकाळी ८ वाजून ४ मिनिटांनी सूर्याच्या कडेला पहिला चावा दिसला. ९ वाजून २२ मिनिटांच्या सुमारास तीन चतुर्थांशाहून अधिक सूर्य झाकला गेला आणि भर सकाळी ऊन फिके पडले. ग्रहणाच्या खास चष्म्यातून मुलांनी पाळीपाळीने पाहिले. उघड्या डोळ्यांनी, साध्या गॉगलने, काजळी धरलेल्या काचेने किंवा जुन्या एक्सरे फिल्ममधून सूर्याकडे कधीही पाहू नये. डोळा कायमचा अधू होतो. आमच्यातल्या एका ताईंनी घरून झारा आणला होता. तो उन्हात धरला, तर जमिनीवर प्रत्येक भोकातून एकेक चंद्रकोर उमटली! झाडाच्या पानांतून पडणारे कवडसेही कोरीसारखेच झाले होते. विज्ञान शिकायला प्रत्येक वेळी महागडी दुर्बीण लागते असे नाही, ते स्वयंपाकघरातल्या झाऱ्यातूनही दिसते.

आमच्याबरोबर आलेल्या एका आजींनी चष्मा लावला, पुष्कळ वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "माझी आय ह्याच गिराणात टोपली घेऊन दारोदार फिरायची. आन् आज माझी नात चष्म्यातनं सूर्य बघतीया."

तरुण मुलांना याचा अर्थ सांगावा लागला. गावोगाव ग्रहण लागले की गावकुसाबाहेरच्या आपल्या माणसांनी "दे दान, सुटे गिराण" अशी हाळी देत फिरायचे, आणि लोकांनी जुने कपडे, मूठभर धान्य त्यांच्या पदरात टाकायचे. राहू-केतूंनी सूर्य गिळला आहे, आणि या लोकांना दान दिले की तो सुटतो, असा समज होता. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्येच ग्रहण हे सावलीमुळे होते असे लिहून ठेवले होते. ते ज्ञान काहींच्या पोथीत राहिले आणि आपल्या वाट्याला टोपली आली. मागून खाणे सोडा, शिका, असे बाबासाहेबांनी सांगितले. तेव्हा कुठे आपल्या हातातली टोपली सुटली.

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की असे दरवाजे उघडे असतील तिथे आपल्या मुलांना घेऊन जा. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त लोकांसाठी खुली केली जाते. दादरहून गाडीने सकाळी निघावे. तिथल्या शास्त्रज्ञांना मुलांनी मनातले प्रश्न विचारावेत. २ ऑगस्ट २०२७ रोजी मुंबईत पुन्हा खंडग्रास सूर्यग्रहण आहे. पावसाळा आहे, ढग आडवे येतील. तरीही चष्मे आणि झारे तयार ठेवा. आणि रांगेत मुलींना पुढे उभे करा.