ढिवराचा डोंगा

पवनी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी, ढिवराचं पोर शाळेआधी डोंग्यात बसायचं. बाप जाळं टाकी, पोर डोंग्यात शिरलेलं पाणी डब्यानं उपसून काढी. जरा मोठं झालं की बांबू हाती यायचा. डोह कुठं आणि उथळ कुठं, हे त्या बांबूच्या टोकाला कळायचं.

पाणी उतरून रेती उघडी पडली की डांगरवाड्या, म्हणजे टरबुजांचे मळे, लागत. उन्हाळ्यात टरबुजांनी भरलेला डोंगा पैलतीराला जाई. वैशाखात एखाद्या संध्याकाळी आंधी उठली, गारा पडल्या, की वेल रेतीत गाडले जात आणि वर्षाची कमाई जाई. पुढं पूर यायचा. एरवी कुणाच्या खिजगणतीत नसलेला ढीवर तेव्हा डोंग्यामुळं गावाला हवासा होई. पण पूर ओसरला की रेती नवी, मासोळी नवी. वादळामुळं त्यानं काठ सोडला नाही.

काठ सुटला तो धरणामुळं.

२२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन झालं. मूळ खर्च ३७२ कोटी रुपये, उद्दिष्ट अडीच लाख हेक्टर सिंचनाचं. पाणी चढत गेलं तशी भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली गावं उठली. मोबदल्याचा हिशेब घराचा आणि शेताचा झाला. डोह आणि रेती ढिवराच्या सातबाऱ्यावर कधीच नव्हती. डांगरवाड्या पाण्याखाली गेल्या. नव्या गावठाणात डोंगा न्यायचा कुठं?

जलाशय अथांग, वारा सुटला की लाटा उठतात. उथळ नदीसाठी घडलेला डोंगा तिथं टिकत नाही. त्यात नाग नदीतून नागपूरचं सांडपाणी कन्हानमार्गे इथंच येतं. पोरं कामाला शहरं गाठतात. २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या सुमारे १६ टक्के वाढली, भंडारा जिल्ह्याची अवघी ५.६५.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणाचं पाणी आलं, गोसीखुर्दचे ३३ दरवाजे उघडावे लागले आणि भंडारा शहरात पाणी शिरलं. नदीची नस ओळखणारी माणसं या खोऱ्याला आजही लागतात. म्हणून जलाशयातल्या मासेमारीचा पहिला हक्क उठवलेल्या गावांतल्या ढिवरांच्या संस्थांना मिळाला पाहिजे, खोल पाण्याला पेलतील अशा नावा मिळाल्या पाहिजेत आणि नागपूरचं सांडपाणी नागपुरातच शुद्ध झालं पाहिजे.