रोटोचं काय म्हणाले?

२०२३ च्या ऑगस्टमधली गोष्ट. सिग्राफ नावाची परिषद लॉस एंजेलिसला होती आणि आमच्या हापिसाने चक्क मला पाठवलं. तसा आमचा आणि सिनेमाचा संबंध शून्य. आम्ही सीटी स्कॅनच्या चकत्या एकावर एक रचून हाडांचं त्रिमितीय चित्र काढणारं सॉफ्टवेअर लिहितो. पण त्यासाठी वापरतो ती 'मार्चिंग क्यूब्ज' पद्धत १९८७ साली याच परिषदेत मांडली गेली होती. म्हणजे माझ्या घराचा हप्ता एका अर्थी सिग्राफच्याच कृपेने जातो.

संगणकावर चित्रं काढणाऱ्यांची ही पंढरी. १९७४ मध्ये सुरू झाली, २०२३ ची पन्नासावी. एका हॉलमध्ये प्राध्यापक मंडळी समीकरणं मांडत असतात आणि शेजारच्या हॉलमध्ये सिनेमावाले आपला माल उघडून दाखवत असतात. मी अर्थातच शेजारच्या हॉलमध्ये.

तिथे एकेक शॉट सोलून दाखवतात. आधी नुसता हिरवा पडदा आणि त्यापुढे बावळटासारखा उभा नट. मग तारांचा सांगाडा, मग मातकट आकार, मग उजेड, धूर, धूळ. आणि मला जे खरंच आवडलं ते म्हणजे मंडळी आपले फसलेले प्रयत्नही दाखवत होती. एकाची लाट लग्नातल्या जेलीसारखी थरथरत होती. हॉल हसला, तोही हसला, आणि मग चूक कुठे होती ते त्याने नीट समजावून सांगितलं. पुढच्या रांगांत बसलेले लोक दुसऱ्या स्टुडिओंचे, म्हणजे चक्क स्पर्धक. ते वहीत उतरवून घेत होते!

हे इथलं जुनंच वळण आहे म्हणे. केन पर्लिनने 'ट्रॉन'च्या कामानंतर, संगणकाची चित्रं फार गुळगुळीत दिसतात या वैतागातून, खडबडीतपणा आणणारी एक युक्ती शोधली आणि १९८५ च्या सिग्राफमध्ये सगळ्यांसमोर ठेवली. ढग, संगमरवर, ज्वाळा... सगळीकडे ती पोचली. १९९७ मध्ये त्याला त्यासाठी ऑस्करवाल्यांचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला.

दुसरा किस्सा १९८६ चा. डॅलसला पिक्सारची 'लक्सो ज्युनियर' ही दोन दिव्यांची चिमुकली फिल्म दाखवली गेली. नंतर जिम ब्लिन, म्हणजे या क्षेत्रातला दादा माणूस, दिग्दर्शक जॉन लॅसेटरकडे आला. लॅसेटरच्या पोटात गोळा. आता हा सावल्यांचं गणित विचारणार! ब्लिनने विचारलं, "तो मोठा दिवा आई होता की बाबा?"

असो. हे सगळं डोक्यात घेऊन त्या रात्री मी मामेभावाला फोन लावला. आमचे रात्रीचे आठ, म्हणजे मुंबईत सकाळचे साडेआठ. तो मालाडच्या एका स्टुडिओत रात्रपाळीला असतो, नुकताच घरी आला होता. मामी सगळ्यांना सांगते, "आमचा सिनेमात आहे." पण सिनेमात म्हणजे काय, असं कुणी विचारलं की विषय बदलते. मीही शहाणा काही कमी नाही. पठ्ठ्या संगणकावर माणसं कापतो, इतपतच मला माहिती होती आणि त्यापुढे विचारायची गरज कधी वाटली नव्हती.

मी अर्धा तास उत्साहाने बोललो. लाटा, धूर, पर्लिन, ब्लिन. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दादा, रोटोचं काय म्हणाले?"

मी आठवून पाहिलं. एका शॉटमध्ये नटाची काळी-पांढरी आकृती आली होती. "मग आम्ही नटाला वेगळं काढलं," एवढं म्हणून वक्ता पुढे गेला होता.

"अर्धा सेकंद दिसलं रे," मी म्हटलं.

"दिसलं ना? मग झालं तर," म्हणून तो हसला. मला मात्र चरचरलं.

त्याचं कारण असं. दोन चित्रं एकावर एक ठेवायची तर प्रत्येक बिंदूला लाल-हिरव्या-निळ्याच्या जोडीला एक चौथा आकडा लागतो, हा बिंदू किती झाकतो ते सांगणारा. त्याला अल्फा म्हणतात. त्याचं गणित पोर्टर आणि डफ यांनी १९८४ च्या सिग्राफमध्ये मांडलं. ते सूत्र मी स्वतः कितीतरी वेळा टाइप केलंय. पण जिथे हिरवा पडदा नाही, साधी गर्दीची गल्ली आहे, तिथे तो चौथा आकडा येतो कुठून? मालाडहून येतो.

पुढच्या शनिवारी मी त्याला म्हटलं, मला शिकव. स्टुडिओतलं काम तो दाखवू शकत नाही. फ्लोअरवर मोबाईलसुद्धा नेता येत नाही आणि सिनेमाचं नाव तर घरीही सांगायचं नसतं. म्हणून माझी लेक अंगणात पळतेय असा पाच सेकंदांचा व्हिडिओ घेतला. सिनेमाच्या हिशेबाने १२० चौकटी. चकटफू मिळणाऱ्या ब्लेंडरमध्ये मी तिच्याभोवती मस्त एक रेघ मारली आणि चौकटीमागून चौकट सरकवत गेलो. दोन तासांनी चालवून पाहिलं तर पोरगी उकळत्या दुधासारखी कडेने फसफसत होती.

"एक रेघ नाही चालत दादा. डोकं वेगळं, दंड वेगळा, कोपरापासून मनगट वेगळं. सांध्यापाशी एकमेकांवर चढवायचं. कोपरावरचा बिंदू शेवटपर्यंत कोपरावरच राहिला पाहिजे. आणि पहिल्या चौकटीपासून सुरू नाही करायचं. पाय कुठे टेकतो, हात कुठे सगळ्यात मागे जातो, ते आधी शोध. तिथे आकार बसव. मग मधली चौकट. जितक्या कमी वेळा हात लावशील तितकं कमी थरथरेल."

"आणि इथे पाय फरकटलाय, नुसता धुरकट पट्टा आहे. इथे रेघ कुठे मारू?"

"पट्ट्याच्या मधोमध. आणि कड मऊ सोडायची. तिथे पाय दिसत नाही, पण तो कुठून कुठे जातोय ते तुला माहितीये ना?"

ही विद्या तशी संगणकाहून जुनी. फिल्मच्या चौकटी गिरवण्याचं पेटंट मॅक्स फ्लायशरने १९१७ मध्ये मिळवलं होतं. गेली शंभर वर्षं कुणीतरी कुणालातरी शेजारी बसवून हे शिकवतंय.

त्या ऑगस्टमध्ये हॉलिवूडचे लेखक आणि नट संपावर होते. शूटिंग थांबली की महिन्या-दोन महिन्यांनी मालाडचं काम आटतं. परिषदेत तर जिकडे तिकडे एआयचाच गजर होता. मी भीत भीत तोही विषय काढला.

"आताच पहिला हात मशीन मारतं," तो म्हणाला. "मग केस, धुरकट कडा, एकमेकांत गुंतलेली माणसं आमच्याकडे येतात. उद्याचं माहीत नाही. म्हणून कम्पोझिटिंग शिकतोय. एक सीनियर शिफ्टनंतर थांबून शिकवतो. मी दोन नव्या पोरांना रोटो शिकवतो. टपरीवर, चहाच्या बिलामागे चित्रं काढून."

मला आमच्या हापिसातली एक स्क्रिप्ट आठवली. ती फक्त मला कळते आणि तीन वर्षं मी ती तशीच ठेवलीय. असो!

तेव्हापासून मी थिएटरात शेवटची पाटी जाईपर्यंत बसतो. झाडूवाले खोळंबतात, बायको वैतागते. रोटोवाल्यांची नावं बऱ्याचदा नसतातच, असली तर दाटीवाटीने. परवा एकदाचं त्याचं नाव सापडलं. दोन सेकंद. घरी येऊन मामीला फोन केला आणि तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. डोकं वेगळं, दंड वेगळा, १२० चौकटी, धुरकट पाय.

मामीने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "एवढं सगळं करतो होय तो? मग झोपतो कधी?"