कंबर कोणी बसवली?

सातव्या महिन्यात मला उभ्याने सलवार घालता येईना. एक पाय उचलला की ओटीपोटाच्या खाली, पुढच्या हाडाच्या सांध्यात पाचर ठोकल्यासारखी कळ यायची. चाकणला आम्ही राहतो त्या इमारतीत लिफ्ट आहे, पण ती चालू असते तो दिवस सणाचा. जिना चढायचा म्हणजे कठडा धरून स्वतःला वर ओढायचं. रात्री कूस बदलायला नवऱ्याला हाक मारावी लागे. सोनोग्राफीत बाळ छान, हिमोग्लोबिन ठीक, बीपी ठीक. कागदावर सगळं व्यवस्थित असल्यामुळे दुखणं कुणी मनावर घेत नव्हतं. "पहिलटकरणीला होतंच," एवढ्यावर विषय मिटायचा.

माझी मोठी नणंद लंडनला असते. तीही त्याच वर्षी गरोदर, माझ्यापेक्षा थोडी पुढे. तिची कंबर धरली होती आणि ती ऑस्टिओपॅथकडे जात होती. मला वाटलं, हाडांचे डॉक्टर असतील. ताईंनी फोनवर समजावलं: औषध नाही, इंजेक्शन नाही, सगळं काम हातांचं. अँड्र्यू टेलर स्टिल नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १८७४ मध्ये ही पद्धत मांडली. त्याची तीन मुलं मेंदूज्वराने दगावली होती आणि तेव्हाच्या औषधांवरचा त्याचा विश्वास उडाला होता. १८९२ मध्ये त्याने मिसूरीतल्या कर्क्सव्हिल गावात शाळाच काढली. आज अमेरिकेत या शाखेतून शिकलेले लोक पूर्ण डॉक्टर असतात, औषधं लिहितात, शस्त्रक्रिया करतात. इंग्लंडमध्ये मात्र ते हातांपुरतेच असतात, पण १९९३ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असल्याशिवाय कुणाला स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवून घेता येत नाही. आपल्याकडे कटकच्या श्री श्री विद्यापीठात याचं शिक्षण मिळतं. चाकण ते शिरूर या पट्ट्यात मात्र कुणाच्या तोंडी मी हे नाव ऐकलेलं नव्हतं.

ताईंची ऑस्टिओपॅथ बाई पहिल्या दिवशी बराच वेळ नुसते प्रश्नच विचारत होती म्हणे. रक्तस्राव झाला का, पाय सुजतात का, डोकं दुखतं का, दाईने काय सांगितलंय. (तिकडे दाई म्हणजे शिकलेली, रुग्णालयातली.) मग कुशीवर निजवून, पोटाखाली उशी देऊन, माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाखाली नुसता तळवा ठेवायचा, मांडी हलकेच फिरवायची, बरगड्यांशी हात ठेवून श्वास मोकळा होतोय का पाहायचं. कडकड वगैरे काही नाही. "माझा कमरेचा सांगाडा एका बाजूला फिरलाय, ती तो बसवते," ताई म्हणाल्या. मला हेवा वाटला.

माझ्या नशिबी मंचरची फिजिओथेरपिस्ट आली. बाळंतपणासाठी कवठ्याला, म्हणजे कवठे येमाईला, माहेरी जाताना वाटेत तिच्याकडे गेले. मी ऐटीत सांगितलं, माझी कंबर फिरलीय, बसवून द्या. ती हसली. म्हणाली, हाड जागेवरच आहे. गरोदरपणात सांधे बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या सैल पडतात, पोटाचा भार पुढे येतो, चालण्याची ढब बदलते आणि कमरेच्या कड्याचे सांधे कुरकुर करायला लागतात. पाचातल्या एका बाईला हे कमीजास्त होतंच, पण म्हणून सोसत बसायचं नसतं. मग तिने ज्या गोष्टी शिकवल्या त्या इतक्या साध्या होत्या की फी देताना मला जरा कसंतरीच झालं: सलवार बसून घालायची. कूस बदलताना दोन्ही गुडघे जुळवून एकदम वळायचं. झोपताना पायांत उशी. गाडीतून उतरताना आधी दोन्ही पाय बाहेर, मग उठायचं. जिन्यात एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून मगच पुढची पायरी. शिवाय ओटीपोटाचे आणि ढुंगणाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम. हातांनी तिने थोडंच काम केलं, माकडहाडाच्या बाजूचे गोळे सैल केले आणि कमरेला पट्टा कसा लावायचा ते दाखवलं. आठवडाभरात रात्री नवऱ्याला उठवणं बंद झालं. तसाही तो चाकणलाच राहिला होता.

कवठ्यात आईने आधीच मावशीला सांगून ठेवलं होतं. मावशी म्हणजे नात्यातली नव्हे, अख्ख्या गावाची. बशीर मोमीन कवठेकरांच्या लावण्या जितक्या घरांत पोचल्या तितक्याच घरांत हिचे हात पोचले असतील. पूर्वी ती सुईण होती. सरकारने दाईंना प्रशिक्षण द्यायचे दिवस तिने पाहिलेत. पुढे २००५ पासून जननी सुरक्षा योजना आली, आशाताई आल्या, बाळंतपणं दवाखान्यात गेली आणि मावशीकडे उरलं ते नंतरचं काम: बाळंतिणीचं आणि बाळाचं अंग चोळणं, न्हाऊ घालणं, शेक देणं. ती आली की मी कंबर पुढे करायचे. ती पाठ चोळायची, पिंढऱ्या चोळायची, पण पोटाकडे हात वळवायची नाही. शेजारची काकू म्हणाली, "बाळ आडवं असंल तर जरा सरकवून बघ की." मावशी उखडली. "पोटाला हात लावायचा नाय. आतली वार सुटली तर तू येणारेस का निस्तरायला?"

तिचं म्हणणं डॉक्टरांच्या पुस्तकातलंच होतं. आडव्या-पायाळू बाळाला बाहेरून फिरवतात, पण ते डॉक्टर, दवाखान्यात, सोनोग्राफी आणि बाळाचे ठोके बघत, शस्त्रक्रियेची तयारी ठेवून.

शिरूरला बाळंत होऊन घरी आले आणि मावशीचं खरं राज्य सुरू झालं. ओवा आणि लसूण टाकून कढवलेलं तिळाचं तेल. मी चटईवर, ती पाटावर पाय पसरून. तळपायापासून सुरुवात, मग वर. पाठीला तळहाताची टाच लावून ती असं रेटायची की दूध पाजून पाजून आखडलेले खांदे आपोआप खाली यायचे. मग कढत पाणी, मग बाजेखाली शेगडी आणि शेवटी आईच्या जुन्या नऊवारीने पोट बांधणं. पोट बांधायची चाल चरकसंहितेतही आहे, वारा पोकळीत शिरू नये म्हणून. मंचरच्या बाईंचं म्हणणं वेगळं: सैलसर आधार बरा वाटतो, पण करकचून आवळलं की भार खाली जातो, आणि ताणून फाकलेले पोटाचे स्नायू कापडाने नाही, व्यायामाने जवळ येतात. मावशीला मी हे सांगितलं. तिने एक वेढा सैल केला, तोंड मात्र वाकडं केलं. शेगडीवरून आमचं खरं भांडण झालं, कारण खोलीभर धूर आणि त्यात बाळ. शेगडी ओसरीवर गेली. बाळाच्या नाका-कानात तेल सोडणंही मी बंद करवलं. नाकातलं तेल फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो. यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, हात मात्र चालूच.

या दिवसांत ताईंनी मला एका अभ्यासाचा दुवा पाठवला, मोठ्या उत्साहाने. टेक्सासच्या फोर्ट वर्थमध्ये ४०० गरोदर बायकांवर केलेला, २०१५ मध्ये छापलेला. तिसाव्या आठवड्यापासून त्यांचे तीन गट केले. एका गटाला फक्त नेहमीची तपासणी. दुसऱ्याला तपासणी आणि ऑस्टिओपॅथीचे हात. तिसऱ्याला तपासणी आणि अल्ट्रासाउंड यंत्राचं नाटक, म्हणजे यंत्र अंगावरून फिरवायचं, त्याने काही होणार नाही अशा बेताने. शेवटच्या महिन्यांत कंबरदुखी वाढत जाते. हातांच्या गटात ती कमी वाढली, कामंही कमी अडली. ताईंनी इथपर्यंतच वाचलं होतं. पुढची ओळ मी वाचली: नाटकाच्या गटाशी तुलना केली तर हातांचा फरक ठामपणे दिसला नाही.

ताई खट्टू झाल्या. मला मात्र त्या तिसऱ्या गटातल्या बायका फार जवळच्या वाटल्या. त्यांना ठरलेल्या दिवशी कुणीतरी निजवलं, दुखतं कुठे ते विचारलं, त्यांच्यासाठी वेळ दिला. सातव्या महिन्यात माझ्या वाट्याला एवढंही आलं नव्हतं. म्हणून हात फुकट गेले असं मी म्हणणार नाही. पण कंबर 'बसवली' हे लंडनची बाई सांगो की कवठ्याची मावशी, माझा त्यावरचा विश्वास तेव्हापासून गेला. आराम पडला, हे मात्र दोन्हीकडे खरं.

एका दुपारी मावशीने माझा डावा पाय हातात घेतला आणि थांबली. पिंढरी दोन्ही हातांनी मापली, मग उजवी मापली. "गरम लागतीय. कधीपासनं दुखतीय?" मला वाटलं गोळा आलाय, चोळलं की जाईल. तिने तेलाची वाटी बाजूला सारली. "ह्याला मी हात लावणार नाय. आत्ता दवाखान्यात जायचं." कुठे पाहिलं होतं असं, विचारलं तर म्हणाली, "बघितलंय एकदा," आणि गप्प झाली. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका मोठा असतो. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते, आणि अशा वेळी पाय चोळणं धोक्याचं. शिरूरला डॉपलर तपासणी केली. गुठळी नव्हती, स्नायूच दुखावला होता. डॉक्टरांनी विचारलं, पाठवलं कुणी? आईने सांगितल्यावर त्यांनी मान वर करून पाहिलं.

ताईंना हे कळल्यावर त्यांनी मावशीशी व्हिडिओ कॉलच मागितला. मावशी दिवेलागणीच्या आत घरी परतते, उसात बिबट्या असतो म्हणून, त्यामुळे लंडनच्या सकाळी कॉल झाला. ताईंनी त्यांच्या बाईंची पद्धत उशीवर करून दाखवली. मावशीने मोबाइल डोळ्यांपाशी धरून सगळं पाहिलं.

"नुसता हात ठिवती?"

"हो, तसंच काहीसं."

"आन् किती घेती?"

ताईंनी आकडा सांगितला, मी त्याचे रुपये करून सांगितले. मावशी माझ्याकडे पाहत राहिली. मग पदराला हात पुसत म्हणाली, सून रांजणगावच्या कंपनीत पॅकिंगला जाते, हे काम शिक म्हटलं तर नाक मुरडते. हा आकडा तिला सांगून बघते. दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला आली. चोळायला बसण्याआधी तिने आईला सांगितलं की पुढच्या बाळंतिणीपासून साडी-चोळीबरोबर रोजची मजुरी वेगळी ठरवायची, आणि ती आधी.